आधी वाळूचा ट्रक



गेल्या हिवाळ्यात मी लेकीकडे होते, तेव्हाची ही गोष्ट. घरच्यांपैकी काहींना ती अर्धीमुर्धी माहीत आहे. "आजीची गाडी चरात गेली" एवढंच पुण्यापर्यंत पोचलं आणि त्यावर सगळ्यांनी पोटभर हसून घेतलं. हसा बापडे. पण त्या दिवसापासून माझं एक मत झालं आहे, आणि मत झालं की ते फळ्यावर लिहून टाकल्याशिवाय मास्तरणीला चैन पडत नाही.

मत असं, की बर्फाचं वादळ होऊन गेल्यावर रस्ता सगळ्यांचा नसतो. ज्यांना गेल्यावाचून गत्यंतरच नाही, त्यांचा तो आधी असतो. बाकीच्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, घरात बसावं. "काही होत नाही, हळू हळू जाऊ" म्हणून निघणाऱ्यांचं मला पूर्वी कौतुक वाटायचं. आता वाटत नाही.

लेक राहते अमेरिकेत, व्हर्माँट राज्याच्या अगदी उत्तरेला, फ्रँकलिन काउंटीत. कॅनडाची हद्द जवळ. गाईगुरांचा, दूधदुभत्याचा मुलूख. आपल्याला अमेरिका म्हटलं की सहापदरी रस्ते आठवतात, पण या राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत हे मला तिथे गेल्यावर कळलं. लेकीचं घर एका टेकडीच्या माथ्याशी. घरापासून खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत अर्धा मैल कच्चा उतार, मध्ये एक वळण, एका बाजूला चर आणि दुसऱ्या बाजूला मेपलची झाडं. वर आमच्या पलीकडे एक गोठा आहे, तिथे दुधाचा टँकर येतो. एवढीच त्या रस्त्यावरची वर्दळ.

लेक नर्स आहे. जवळच्या गावातल्या लहानशा इस्पितळात रात्रपाळी करते, संध्याकाळी सातला जाते आणि सकाळी सातला सुटते. जावई घरून काम करतात. नातू नऊ वर्षांचा.

आता बर्फाविषयी थोडं, कारण पुण्या-कोल्हापुराकडच्या मंडळींना सगळा बर्फ सारखाच वाटतो. मलाही वाटायचा. भुरभुरणारा बर्फ, म्हणजे स्नो, त्याचं एवढं भय नाही. तो दिसतो, पायाखाली करकरतो, टायरला थोडीफार पकड देतो. भय आहे ते पावसाचं. वर आकाशात हवेचा एक उबदार थर असतो, त्यात बर्फ वितळून पाणी होतं. जमिनीलगत मात्र हवा शून्याच्या खाली. त्या थरातून येताना थेंब गोठणबिंदूच्या खाली गार होतात, पण गोठायला त्यांना सवड मिळत नाही. जमिनीला, फांदीला, तारेला टेकले की जागच्या जागी काच होतात. याला तिकडे फ्रीझिंग रेन म्हणतात. सकाळी उठून खिडकीतून पाहावं तर प्रत्येक काडीला लोलक लागलेले, ऊन पडलं की डोळे दिपतात. फोटो फार सुंदर येतात. मी पाठवलेले तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले आहेत आणि "वा! स्वर्ग!" असं म्हटलं आहे. त्या स्वर्गात मला दारातून टपालपेटीपर्यंतची पंचवीस पावलं चालता येत नव्हती.

१९९८ च्या जानेवारीत असाच पाऊस क्वेबेक, ओंटारिओ, न्यूयॉर्कचा उत्तर भाग, व्हर्माँट, न्यू हॅम्पशायर आणि मेन या सगळ्या पट्ट्यात कित्येक दिवस पडत राहिला. विजेचे मनोरे वाकले, लाखो घरं अंधारात गेली. गोठ्यांमधली यंत्रं बंद पडली आणि टँकर पोचेनात, म्हणून दूध ओतून द्यावं लागलं. तिथले म्हातारे शेतकरी अजून त्याबद्दल बोलतात, आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ सांगतात तसे.

तर ती सकाळ. रविवार होता. बर्लिंग्टनला, म्हणजे तिथून तासाभराच्या अंतरावर, काही मराठी कुटुंबांनी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. मी आठवडाभर तिळाचे लाडू वळत होते. खरं सांगू का, मला लाडवांचं एवढं नव्हतं. तीन आठवडे मी घरच्या तिघांखेरीज कुणाशी मराठीत बोलले नव्हते. चार बायका भेटतील, कुणी माहेर विचारेल, कुणी "काकू, लाडू किती छान वळलेत" म्हणेल, एवढीच हौस होती. एकटेपण हे कारण काही लहान नाही, पण ते त्या दिवशी मी तोंडाने बोलले नाही. बोलले ते हे, की "सगळ्यांना शब्द दिलाय."

आदल्या संध्याकाळी लेक कामावर निघताना सांगून गेली होती, "आई, रात्री पाऊस आहे. उद्या टेकडीवर वाळू पडल्याशिवाय उतरू नका." वाळू म्हणजे गावाचा ट्रक येऊन कच्च्या रस्त्यावर वाळू पसरतो ती. मोठ्या डांबरी रस्त्यांवर मीठ टाकतात. कच्च्या रस्त्यावर मीठ चालत नाही, त्याने बर्फ वितळून मातीचा चिखल होतो. म्हणून तिथे वाळू. वाळूने बर्फ वितळत नाही, टायरला नुसतं पाय रोवायला काहीतरी मिळतं.

सकाळी आठ वाजता खिडकीतून खाली पाहिलं तर मोठा रस्ता काळाभोर, ओला, गाड्या बऱ्यापैकी वेगात चाललेल्या. मी म्हटलं, रस्ता तर मोकळा आहे! जावई म्हणाले, "आई, तो खालचा. आपला अजून झालेला नाही." मी म्हटलं, "अर्धाच मैल तर आहे." ते गप्प बसले. सासूला तोंडावर "नाही" म्हणायची आपल्याकडे जावयांना सवय नसते, आणि जावई गप्प बसले तर त्याचा अर्थ काय, हे मला या वयात कळायला हवं होतं. छत्तीस वर्षं वर्गात गप्प बसलेल्या मुलांचे चेहरे वाचले, पण त्या दिवशी वाचायचा नव्हता म्हणून वाचला नाही.

गाडी चारही चाकांना जोर देणारी, फोर व्हील ड्राइव्ह. टायर हिवाळ्याचे. शेजारच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. व्हर्माँटमध्ये सक्ती नाही, पण शहाणी माणसं लावतात. यांचं रबर थंडीत कडक होत नाही, साध्या टायरचं सात अंशांच्या खाली गेलं की कडक होऊ लागतं. हे सगळं जावयांनी मला आधी कधीतरी समजावलं होतं आणि मी त्यातलं सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं. चार चाकांचा जोर गाडी हलवायला उपयोगी पडतो. थांबवायला नाही. थांबताना सगळ्या गाड्या सारख्या, आणि नुसत्या बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं.

उताराला लागलो. जावई अगदी चालीच्या वेगाने, खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता चालवत होते. त्यांची चूक एका पैचीही नव्हती, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. वळणाशी आलो आणि एकदम आवाज बंद झाला. टायरखाली इतका वेळ जी करकर येत होती ती थांबली. "बर्फ," जावई हळूच म्हणाले. गाडी नाक वळवून बसली आणि आडवी घसरत गेली, घाई अजिबात नाही, आपण झोपेत कूस बदलतो तशी. मागची चाकं चरात, पुढची रस्त्यावर. सगळा रस्ता अडला. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. लाडवांचा डबा मात्र उघडला आणि नातू मागच्या सीटवरून म्हणाला, "आजी, एक खाऊ का?"

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

दहा मिनिटांनी खालून वाळूचा ट्रक आला, उलटा. म्हणजे मागच्या बाजूने टेकडी चढत. मला वाटलं ड्रायव्हरचं डोकं फिरलंय. नंतर कळलं की काच झालेल्या चढावर असंच चढतात, कारण वाळू ट्रकच्या मागून पडते. उलटं चढलं की आधी वाळू पडते आणि मग त्याच वाळूवर ट्रकचं चाक येतं. माणूस स्वतःच्या पायापुरती वाट स्वतःच करत वर येतो. हे मला इतकं आवडलं की भीती क्षणभर विसरले. ट्रक आमच्यापाशी येऊन थांबला. पुढे जायला जागाच नव्हती. ड्रायव्हर उतरला, आधी आम्हाला कुणाला लागलं आहे का ते विचारलं, नातवाला म्हणाला टोपी घाल. मग त्याने शेजारच्या शेतकऱ्याला बोलावून घेतलं. ट्रॅक्टरच्या चाकांना साखळ्या घालून तो येईपर्यंत, दोर बांधून गाडी ओढेपर्यंत दीड तास गेला.

त्या दीड तासात ट्रकच्या खाली दुधाचा टँकर येऊन उभा राहिला. वरच्या गोठ्यातलं दूध घ्यायला आला होता. गाय काही वादळ आहे म्हणून दूध द्यायची थांबत नाही, टाकी भरली की दूध उचलावंच लागतं. आणि टँकरच्या मागे एक छोटी निळी गाडी धोक्याचे दिवे लावून उभी होती. ती माझ्या लेकीची. बारा तास रात्रपाळी करून आलेली, घर डोळ्यांना दिसतंय आणि चढता येत नाही, कारण वाट वाळूवाचून आहे. वाळू पडत नाही, कारण ट्रक पुढे जाऊ शकत नाही. आणि ट्रक जाऊ शकत नाही, कारण तिची आई तिळगूळ वाटायला निघाली आहे.

त्या डोंगरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून तिला वळणावर कोण अडकलंय ते माहीत नव्हतं. गाडी ओढली गेल्यावर ती वर आली, आम्हाला पाहिलं, तिघांना हात लावून पाहिला आणि एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं ना गं." ओरडली असती तर बरं झालं असतं.

गावाच्या रस्ता खात्यात तीन माणसं आणि तीन ट्रक. त्या सकाळी एक ट्रक दीड तास आमच्या पायी अडला, म्हणजे त्याच्या फेरीतल्या पुढच्या सगळ्या टेकड्या दीड तास काचेच्या राहिल्या. त्या टेकड्यांवर कोण होतं, कुणाला कुठे जायचं होतं, मला ठाऊक नाही. तेच मनातून जात नाही. "आमच्या जिवाचं आम्ही बघू" असं आपण म्हणतो, पण बर्फावर आपला जीव आपल्यापुरता नसतो. तो ओढून काढायला दुसऱ्या कुणाला तरी त्याच बर्फावर यावं लागतं.

यावर मला दोन उत्तरं मिळाली. एक भाचा म्हणाला, "मावशी, सरकारने रस्ते साफ ठेवायला नकोत का? एवढा टॅक्स घेतात." मार्चमध्ये मी तिथल्या ग्रामसभेला जाऊन बसले होते. मार्चच्या पहिल्या मंगळवारच्या सुमारास व्हर्माँटमधल्या गावांत अशा सभा भरतात आणि गावाच्या खर्चावर लोक स्वतः मत देतात. आमच्या गावच्या सभेत सगळ्यात जास्त वेळ रस्त्यांनीच खाल्ला. कुणी म्हणालं मीठ जास्त टाका. लगेच दुसरा उठला, की माझ्या विहिरीचं काय? मीठ कुठे नाहीसं होत नाही. वितळलेल्या पाण्याबरोबर ते जमिनीत, विहिरीत, ओढ्यात जातं. लेकीच्या घरीही विहिरीचंच पाणी. शिवाय पारा फार खाली गेला, साधारण उणे नऊ-दहाच्या पलीकडे, की मिठाचा प्रभाव पडतच नाही म्हणा ना. म्हणजे कितीही पैसे दिले तरी वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दारापासून दारापर्यंत कोरडा रस्ता मिळणार नाही. राज्याचं वाहतूक खातं तसं वचनही देत नाही. त्यांचं म्हणणं, परिस्थितीला साजेशा वेगाने सुरक्षित जाता येईल असा रस्ता देऊ. मला ते प्रामाणिक वाटलं.

दुसरं उत्तर लेकीच्या मैत्रिणीचं, आणि ते जड आहे. ती म्हणाली, "काकू, घरी बसा म्हणणं ज्यांचा पगार घरी बसून चालू राहतो त्यांना सोपं आहे." खालच्या गावात किराणा दुकानाच्या गल्ल्यावर एक मुलगी बसते. तिला तासावर पैसे. दुकान उघडलं तर तिला यावंच लागतं, आणि दुकान उघडतं कारण वादळाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ब्रेड आणि कोथिंबीर आणायला जातो. आम्ही गेलो नाही तर दुकानदार म्हणेल आज बंद, आणि तिचा रोज बुडेल. याला माझ्याकडे उत्तर नाही. अशा दिवसाचे पैसे तिला मिळायला हवेत असं मला वाटतं, पण ते कुणी द्यावेत हे म्हातारीने परक्या देशात सांगत बसू नये. एवढं मात्र आहे, की त्या मुलीला येणं भाग पडलं, तर टेकडीच्या वळणावर हौशी माणसाची गाडी आडवी पडलेली तिला भेटू नये.

मला हे नव्याने कळावं याचीच खरी लाज वाटते. माझी पहिली नोकरी गगनबावडा तालुक्यातली. पावसाळ्यात फरशी पुलावर पाणी आलं की शाळा बंद. कुणी जाहीर करावं लागत नसे. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. पाण्यातून पूल ओलांडणाऱ्याला गावात कुणी शूर म्हणत नसे, "याला काढायला आता कुणाचा पोरगा उतरायचा?" असंच म्हणत. तेव्हा ते मला गावंढळ वाटे. मी बीए झालेली होते ना!

व्हर्माँटच्या जुन्या लोकांनाही ही समज होती असं दिसतं. मोटारी येण्यापूर्वी तिथे रस्त्यावरचा बर्फ काढतच नसत. घोडे जुंपलेले मोठाले लाकडी रूळ फिरवून तो दाबून घट्ट करत, म्हणजे त्यावरून घसरगाड्या चालतील. तिथे छप्पर असलेले लाकडी पूल आहेत, शंभरएक अजून शाबूत आहेत. छपरामुळे पुलाच्या आत बर्फ पडत नसे, म्हणून माणसं फावड्याने आत बर्फ नेऊन टाकत. पुलावर बर्फ घालायचा! नातवाला सांगितलं तर त्याला खोटंच वाटलं. म्हणजे पूर्वी माणसं बर्फाप्रमाणे वाहन बदलत. आता वाहन तेच, वेळ तीच, कार्यक्रम तोच, आणि बर्फाने बाजूला व्हायचं.

आणि वादळात बाहेर पडणारे अडाणीच असतात असंही नाही. लेकीच्या घरापासून फार लांब नाही अशा जेरिको गावी विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होऊन गेला. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ मध्ये त्याने हिमकणाचं छायाचित्र काढलं आणि पुढे जन्मभर हजारो काढली. बर्फ त्याच्याइतका निरखून कुणी पाहिला असेल? तोच बेंटली १९३१ च्या डिसेंबरात हिमवादळातून कित्येक मैल चालत घरी आला, न्यूमोनिया झाला आणि त्यात गेला. तिथल्या छोट्या संग्रहालयात त्याचे हिमकण पाहताना मला वाटलं, एवढं प्रेम करूनसुद्धा बर्फाने त्याला सवलत दिली नाही.

राहता राहिले लाडू. गंमत म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं हे मला बारशापासून माहीत आहे. ज्यांनी पद्धत घातली त्यांनी सवड ठेवली होती, घाई माझीच होती. रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी, रस्ते कोरडे असताना, बर्लिंग्टनच्या चार बायका आमच्याकडे आल्या. जावयांनी चहा केला. लेक जागी होती.

त्याआधी एक काम केलं होतं. नातवाला घेऊन गावाच्या ट्रकशेडवर गेले आणि वाळूच्या ट्रकवाल्याला अर्धा डबा लाडू दिले. त्याने विचारलं, कशाचे? नातवाने समजावलं, तीळ आणि गूळ, आणि गूळ म्हणजे काय ते समजवायला त्याला पाच मिनिटं लागली. ट्रकवाल्याने एक तोंडात टाकला आणि चावता चावेना. पाक जरा जास्तच पक्का झाला होता. तो म्हणाला, "बाई, हे उतारावर टाकले तरी चालतील."